नाव तेच, अपवाद दुसरा

वार्षिक परीक्षेच्या गुणतक्त्यात बहुतेक चौकोनांत आकडे असतात, पण एखाद्या चौकोनात ‘गै.ह.’ असं लिहिलेलं असतं. बेरीज करणारे शिक्षक तिथं अडत नाहीत. हा विद्यार्थी गैरहजर होता, त्याला शून्य मिळालेलं नाही, सरासरी काढताना त्याला मोजायचं नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. संगणकाला हेच काम दिलं तर मात्र तो अडतो. मजकुराचा आकडा करण्याच्या आज्ञेला ‘४५’ दिलं तर उत्तर पंचेचाळीस येतं. (जाता जाता : पायथन या भाषेला त्यासाठी इंग्रजी आकडेच लागतात असं नाही. देवनागरी ४५ दिलं तरी तिला समजतं. करून पाहा.) पण ‘गै.ह.’चा आकडा होत नाही. मग त्या आज्ञेनं करावं काय?

जुना उपाय असा होता, की ‘जमलं नाही’ हे सांगण्यासाठी एखादा ठरावीक आकडा परत द्यायचा, उदाहरणार्थ उणे एक. ज्यानं आज्ञा दिली त्यानं दर वेळी उत्तर तपासायचं आणि उणे एक आलं असेल तर वेगळी वाट धरायची. तपासायला तो विसरला तर? तर तो उणे एक मुकाट्यानं बेरजेत मिसळतो. वर्गाची बेरीज एकानं कमी होते, भागायची संख्या एकानं वाढते, सरासरी किंचित घसरते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅम बंद पडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ येते.

यातून सुटण्यासाठी ‘अपवाद’ ही कल्पना पुढे आली. तिचे धागे १९६० च्या दशकातल्या संगणकीय भाषांपर्यंत मागे जातात. जॉन गुडइनफ यांनी १९७५ साली एका निबंधात तिची नीट मांडणी केली आणि त्याच दशकात एम.आय.टी.मध्ये बार्बरा लिस्कव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू या भाषेत ती उतरवली. कल्पना अशी : काम जमलं नाही तर खोटं उत्तर द्यायचंच नाही, अडचण ‘फेकायची’. जवळ कोणी ती झेलायला उभा असेल तर तो झेलेल. नसेल तर ज्यानं काम सांगितलं त्याच्याकडे ती जाईल, तोही झेलत नसेल तर त्याच्या वरच्याकडे. वर्गातली अडचण वर्गशिक्षकांनी मिटवली तर ठीक, नाही तर ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते, तसंच. सगळ्यात वरही कोणी झेललं नाही तर प्रोग्रॅम थांबतो, आणि काय झालं ते सांगून थांबतो.

पुढचं सगळं मी पायथनच्या आधारानं सांगणार आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस अॅमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. आज ती प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरली जाते आणि शाळांमध्येही पोचली आहे. एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात अपवाद हाताळण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे आपल्यापैकी काही जण हे शिकवतही असतील. आपल्या गुणतक्त्यासाठी पायथनमध्ये साधारण असं लिहावं लागतं (प्रत्यक्षात भाषेचे शब्द इंग्रजी लिपीत असतात, इथं उच्चार दिले आहेत) :

ट्राय :
    गुण = इन्ट(मजकूर)
एक्सेप्ट व्हॅल्यूएरर :
    गैरहजरांची संख्या एकानं वाढव

‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न करून बघ. ‘एक्सेप्ट’ म्हणजे झेलणारे हात, आणि त्याच्यापुढचं नाव सांगतं की हे हात कोणत्या प्रकारचा अपवाद झेलायला पसरले आहेत. व्हॅल्यूएरर म्हणजे दिलेली किंमत कामाची नाही. भागाकारात खाली शून्य आलं तर त्याचा अपवाद वेगळा, फाइल सापडली नाही तर वेगळा. प्रत्येकावर इलाज निराळा, म्हणून प्रत्येकाला नाव निराळं.

नावं कुठून येतात?

पायथनमध्ये काही अपवाद जन्मजात असतात. व्हॅल्यूएरर त्यांपैकी एक, तो कुठूनही आणावा लागत नाही. पण मोठे प्रोग्रॅम स्वतःचे अपवादही बनवतात. गुण वाचणाऱ्या फाइलमध्ये आपण ‘गैरहजर’ नावाचा अपवाद बनवू शकतो. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावं देवनागरीतही ठेवता येतात.) दुसऱ्या फाइलला तो झेलायचा असेल, तर तिच्या डोक्यावर एक ओळ लिहावी लागते : फ्रॉम गुणवाचन इम्पोर्ट गैरहजर. म्हणजे ‘गुणवाचन या फाइलीतून गैरहजर हे नाव इकडे आण’. याला आपण सरळ आयात म्हणू.

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइलच्या डोक्यावर अशा आयातींची लांबलचक यादी साचते. त्यात अपवादांच्या आयाती विशेष पसरलेल्या असतात, आणि याला कारण आहे. बाकीची नावं सहसा शेजारच्या फाइलींमध्ये वापरली जातात. अपवाद मात्र जन्मतो सगळ्यात तळाच्या फाइलीत, आणि झेलला जातो चार मजले वर, जिथं वापरणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. मधल्या फाइलींना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, पण नाव तर वरपर्यंत न्यायला हवं. मग कोणी ते थेट मूळ जागेहून आणतो, कोणी मधल्या फाइलीत आधीच आणलेलं दिसलं म्हणून तिथूनच उचलतो. संशोधन संस्थेत तर दर दोन-तीन वर्षांनी विद्यार्थी बदलतात. प्रत्येक जण आपल्या सवयीनं यादीत भर घालतो, आणि जुनं काढून टाकायचं धाडस सहसा कोणी करत नाही.

एके दिवशी कोणीतरी आवराआवर करायला घेतो. हे काम कंटाळवाणं आणि निरुपद्रवी दिसतं. निरुपद्रवी ते नाही.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. वरच्या चार ओळींमध्ये ‘व्हॅल्यूएरर’च्या जागी कोणतंही निरर्थक नाव लिहा, ‘शेवग्याचीशेंग’ लिहा. असं नाव पायथनला कुठेही माहीत नाही. आता प्रोग्रॅम चालवा आणि ४५, ६२, ७० असे गुण द्या. काय होईल असं मुलांना आधी विचारा. बहुतेक जण सांगतील की प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. प्रत्यक्षात तो व्यवस्थित चालतो, उत्तरं बरोबर देतो आणि शेवग्याच्या शेंगेबद्दल चकार शब्द काढत नाही. आता ‘गै.ह.’ द्या. व्हॅल्यूएरर फेकला जातो, तो झेलायला कोण उभं आहे हे पाहण्यासाठी पायथन पहिल्यांदाच त्या नावाकडे वळतं, आणि तेव्हा त्याला कळतं की या नावाचं काही अस्तित्वातच नाही. मग ते ‘हे नाव मला माहीत नाही’ असा दुसराच अपवाद फेकतं आणि प्रोग्रॅम कोसळतो.

म्हणजे झेलणाऱ्याचं नाव अडचण आल्याशिवाय वाचलंच जात नाही. जावासारख्या भाषांमध्ये असं होत नाही. तिथं प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याचं यंत्राला कळेल असं भाषांतर होतं आणि त्या वेळीच अनोळखी नावावर बोट ठेवलं जातं. पायथनमध्ये बाकीची नावंही ती ओळ गाठल्यावरच तपासली जातात, पण त्या ओळी रोज गाठल्या जातात, म्हणून चूक पहिल्या दिवशीच उघडी पडते. अपवादाची ओळ वर्षातून एकदा गाठली जाते. तीही नेमकी अडचणीच्या वेळी.

आवराआवर करणारा माणूस बहुधा एखाद्या तपासनीस प्रोग्रॅमची मदत घेतो. पायफ्लेक्ससारखे हे तपासनीस फाइल न चालवता नुसती वाचतात आणि सांगतात, की अमुक नाव आणलंय पण वापरलेलं नाही, तमुक नाव वापरलंय पण आणलेलं नाही. आपली शेवग्याची शेंग त्यांनी लगेच पकडली असती. पण ते एकेक फाइल सुटी वाचतात. मधल्या फाइलीत आणलेला अपवाद त्या फाइलीत वापरलेला नसतो, म्हणून तपासनीस म्हणतो, ‘काढून टाका.’ वरची फाइल मात्र त्याच मधल्या फाइलीचा पत्ता देऊन तो अपवाद झेलत असते. वरच्या फाइलीनं नाव डोक्यावरच आणलं असेल तर ती सुरू होतानाच अडखळते, तेवढ्यावर भागतं. पण तिनं झेलण्याच्या ओळीतच ‘मधली.गैरहजर’ असा पत्ता लिहिला असेल, तर पुन्हा गैरहजर विद्यार्थी येईपर्यंत सगळं शांत.

एका वर्गात दोन सचिन

हे सगळं निदान कोसळून तरी लक्षात येतं, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारापेक्षा बरंच म्हणायचं. पायथनमधून इंटरनेटवरची माहिती आणण्यासाठी ‘रिक्वेस्ट्स’ हा संच फार वापरला जातो. दुसऱ्या संगणकाशी संपर्क जुळला नाही तर तो ‘कनेक्शनएरर’ नावाचा अपवाद फेकतो. हा त्याचा स्वतःचा अपवाद आहे. पायथनच्या २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून पायथनमध्येही कनेक्शनएरर नावाचा एक जन्मजात अपवाद आहे. नाव अक्षर न् अक्षर तेच. पण दोन्ही एक नव्हेत. दोघांची वंशावळ वर जाऊन ‘ओएसएरर’ या एकाच पूर्वजाला मिळते, म्हणजे फार तर ते चुलत भाऊ. एकासाठी पसरलेल्या हातांत दुसरा पडत नाही.

आता समजा, जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांच्या ताज्या नोंदी दर पंधरा मिनिटांनी जालावरून आणून साठवणारा एक प्रोग्रॅम आहे. हे मोजमाप त्या क्षणी आणलं नाही तर पुढच्या नोंदीखाली पुसलं जातं. लिहिणाऱ्यानं विचार करून ठेवलाय : कनेक्शनएरर आला तर एक मिनिट थांब आणि पुन्हा प्रयत्न कर. फाइलच्या डोक्यावर रिक्वेस्ट्समधून कनेक्शनएरर आणल्याची ओळ आहे. आवरणारा ती बघतो. काही तपासनीस इथं इशाराही देतात, की या ओळीमुळे पायथनचं जन्मजात नाव झाकलं जातंय. त्याला वाटतं, हे नाव तर पायथनमध्ये आहेच, मग आयात कशाला? ओळ जाते. आता अनोळखी नाव कुठेच उरलेलं नाही. तपासनीस गप्प, प्रोग्रॅम चालू. मार्च, एप्रिल, मे महिने सुरळीत जातात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दूरध्वनीची तार तुटते, रिक्वेस्ट्स आपला कनेक्शनएरर फेकतो, हात मात्र पसरलेले असतात दुसऱ्याच कनेक्शनएररसाठी. प्रोग्रॅम थांबतो. तार अर्ध्या तासात जोडली जाते, पण पुन्हा प्रयत्न करायला कोणी जागं नसतं. ज्या रात्रीच्या पावसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच रात्रीची नोंद नाही.

उपाय साधा आहे. एका वर्गात दोन सचिन असले की आपण आडनावासकट हाक मारतो. इथंही नुसतं ‘कनेक्शनएरर’ न आणता ‘रिक्वेस्ट्स’ हा संच आणायचा आणि झेलण्याच्या ओळीत ‘रिक्वेस्ट्स.एक्सेप्शन्स.कनेक्शनएरर’ असं पूर्ण नाव लिहायचं. ओळ लांबते खरी, पण माझ्या मते लांब ओळीचा त्रास वाचणाऱ्याला दोन सेकंद होतो, आणि आखूड नावाचा त्रास कधी होईल ते सांगता येत नाही.

नावावरून ओळख पटवायची नाही, हे पायथनचं धोरण जुनं आहे. सुरुवातीच्या पायथनमध्ये अपवाद म्हणजे नुसता एक मजकूर असे. तरीही झेलताना मजकूर जुळवला जात नसे, संगणकाच्या स्मृतीतली तीच वस्तू आहे का ते पाहिलं जाई. दोन ठिकाणी तंतोतंत सारखा मजकूर लिहिला तरी ते दोन अपवाद ठरू शकत. यात अनेकांनी ठेचा खाल्ल्या, आणि २००८ सालच्या २.६ आवृत्तीत मजकुराचे अपवाद बंद झाले. त्यांची जागा घेणाऱ्या प्रकारांनाही नियम तोच लागू आहे : फेकलेली वस्तू त्याच प्रकारातली किंवा त्याच्या वंशातली हवी, नाव काय आहे याला महत्त्व नाही.

याचा एक विचित्र परिणाम होतो. तुमच्या ‘शाळा’ या फोल्डरमध्ये ‘अपवाद’ नावाची फाइल आहे. एकानं ती ‘शाळा.अपवाद’ म्हणून आणली, दुसऱ्यानं मांडणीतल्या सोयीचा फायदा घेऊन नुसती ‘अपवाद’ म्हणून. कोणती फाइल वाचून झाली याची वही पायथन नावानुसार ठेवतं. नावं दोन, म्हणून एकच फाइल दोनदा वाचली जाते आणि ‘गैरहजर’ हा प्रकार दोनदा जन्माला येतो. मग एका बाजूनं फेकलेला गैरहजर दुसऱ्या बाजूनं झेलता येत नाही. समोर कागदावर एकच फाइल दिसत असताना हा घोळ शोधून काढणं म्हणजे शिक्षाच.

खुद्द पायथनलाही ही आवराआवर करावी लागली आहे. फाइल उघडताना एक, नेटवर्कवर दुसरा, विंडोजवर तिसरा अशी एकाच जातीच्या अडचणींना अनेक नावं झाली होती. आंत्वान पित्रू यांच्या प्रस्तावानुसार २०१२ साली ही सगळी ओएसएररमध्ये विलीन केली गेली. ‘वेळ संपली’ असं सांगणारे तर तीन वेगवेगळे टाइमआउटएरर होते, एक जन्मजात आणि दोन भाषेसोबतच येणाऱ्या संचांमधले. ते २०२२ सालच्या ३.११ आवृत्तीत एक झाले. दोन्ही वेळा जुनी नावं मोडली नाहीत. ती ठेवली, फक्त आता ती त्याच एका प्रकाराकडे बोट दाखवतात. त्यामुळे पूर्वी लिहिलेले झेलणारे हात निकामी झाले नाहीत.

आपल्या प्रोग्रॅममध्ये आवरायचं तर पहिली गोष्ट म्हणजे आपण बनवलेल्या सगळ्या अपवादांना एक वेगळी फाइल द्यायची, आणि त्या फाइलीनं स्वतः कोणाकडूनही काहीही आयात करायचं नाही. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. समजा ‘निकाल’ ही फाइल पहिल्याच ओळीत ‘गुणवाचन’कडून काही मागते, आणि ‘गुणवाचन’ला एक अपवाद हवाय जो ‘निकाल’मध्ये खाली कुठेतरी बनतो. पायथन निकाल वाचू लागतं, पहिल्या ओळीवरून गुणवाचनकडे जातं, तिथून परत निकालकडे येतं, तर निकाल अजून पहिल्याच ओळीवर. अपवाद जन्मलेलाच नाही. या फेऱ्यातून सुटण्यासाठी लोक आयातीची ओळ खाली कुठल्यातरी कामाच्या पोटात लपवतात, आणि मग तीही ते काम चालेल तेव्हाच वाचली जाते. म्हणजे पुन्हा शेवग्याची शेंग. अपवादांची फाइल सगळ्यांच्या तळाशी, कोणावरही न टेकणारी अशी ठेवली की हा फेरा तयारच होत नाही. रिक्वेस्ट्समध्ये अपवादांची वेगळी फाइल आहे, आणि पायथनच्या ‘असिंकआयओ’ या संचातही २०१९ साली तशीच वेगळी केली गेली.

काही जण याहून सोपी वाट धरतात : नावंच नकोत, ‘जे येईल ते झेल’ असं लिहून टाकायचं. आयाती सगळ्या जातात, फाइल स्वच्छ दिसते. पण त्या हातांत गैरहजर विद्यार्थ्याबरोबर टंकनाच्या चुका, विसरलेली नावं, चुकीचे भागाकार असं सगळं जमा होतं आणि सगळ्यांची नोंद ‘गैरहजर’ अशीच होते. याला आवराआवर म्हणता येत नाही, हा केर गालिच्याखाली सारणं झालं.

दुसरी गोष्ट चाचणीची. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली मोठी माहिती अनेक संगणकांवर मिळून हाताळणाऱ्या पाच प्रचलित प्रणालींतले १९८ बिघाड तपासले. त्यातले ४८ अतिगंभीर होते, म्हणजे सगळी व्यवस्था किंवा बहुतेक वापरणारे ठप्प करणारे. या ४८ पैकी ९२ टक्के बिघाडांत मूळ अडचण मारक नव्हती. प्रोग्रॅमला ती स्पष्ट कळवली गेली होती, पण तिला हाताळणारा भाग चुकला होता. निम्म्याहून अधिक चुका हाताळणीच्या ओळी एकदा नुसत्या चालवून पाहिल्या असत्या तर आधीच सापडल्या असत्या. या प्रणाली नवशिक्यांनी लिहिलेल्या नव्हत्या. पण अडचण कळवणारा रस्ता रोजच्या वापरात नसतो, आणि वापरात नसलेल्या रस्त्यावरचे खड्डे कोणाला दिसत नाहीत.

तेव्हा आयातीची एकही ओळ हलवण्यापूर्वी त्या फाइलीतल्या प्रत्येक झेलणाऱ्या ओळीसाठी एक छोटी चाचणी लिहायची. तिनं तो अपवाद मुद्दाम घडवून आणायचा आणि तो योग्य हातांत पडतो का ते बघायचं. पर्जन्यमापकाच्या उदाहरणात पाच मिनिटं वायर काढून ठेवणं हीसुद्धा चाचणीच. ‘गैरहजर’ अपवाद आपल्याच हातानं बनवून फेकण्यापेक्षा खरोखर ‘गै.ह.’ असा मजकूर देणं केव्हाही चांगलं, कारण आपण फेकलेला अपवाद आपल्याच समजुतीतला असतो, आणि चूक असलीच तर ती त्या समजुतीतच असते.

आणि जुना पत्ता लगेच मोडायचा नाही. डाकघरात पत्ता बदलल्याची सूचना दिली की काही काळ जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी येतात, तसं जुन्या फाइलीत एक आयात ठेवून द्यायची आणि तिच्याशेजारी ती का ठेवली आहे ते लिहायचं, म्हणजे पुढचा आवरणारा किंवा त्याचा तपासनीस ती काढणार नाही. संकेतस्थळं बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जँगो या संचानं ‘मागितलेला रकाना अस्तित्वात नाही’ असं सांगणारा अपवाद २०१५ साली १.८ आवृत्तीत अपवादांच्या सामाईक फाइलीत हलवला. जुन्या पत्त्यावरची आयात त्यांनी काढली ती २०२० साली, ३.१ आवृत्तीत. एका ओळीसाठी पाच वर्षं.